खुडलेल्या चोवीस पानांबद्दल

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरोखर जोडलेत, लिहून घेणारी नात मान वर करून बघत नाही, त्याला मी काय करू.) गुडघा कसा आहे? नवे दात बसवलेस म्हणे, म्हणजे आता तुझं बोलणं वहिनीला समजत असेल. तिची कीव येते. इकडे सगळं ठीक. नात नऊ दिवस माझ्याशी बोलत नाही, एवढंच. सांगेन ते मात्र निमूट लिहिते. अबोला आहे, पण शिस्तीचा.

घडलं ते असं. तिच्या प्रयोगशाळेत घरच्यांना काम दाखवायचा दिवस होता. तिने मला काचघरात नेलं. चोवीस कुंड्या, प्रत्येकीत काकडीचं रोप. मला खुर्चीवर बसवून, कशाला हात लावू नकोस म्हणून बजावून ती पाणी आणायला गेली. आता माझी पस्तीस वर्षं रोपवाटिकेत गेलेली. डागाळलेलं पान दिसलं की खुडायचं, हे बोटं मला न विचारता करतात. आणि तिथे प्रत्येक रोपाच्या सगळ्यांत खालच्या पानावर ठिपके उठलेले. म्हटलं, एवढी शिकलेली माणसं आणि साधी निगा राखता येत नाही. ती पेला घेऊन आली तेव्हा चोवीस पानं माझ्या मांडीवर नीट रचलेली होती. "आजी, सगळी?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, एकही सोडलं नाही.

घरी आल्यावर तिने समजावलं. रोग तिनेच लावला होता. जंतू शिरले की पानातल्या पेशी (म्हणजे बारीक बारीक खोल्या) त्यांना ओळखतात, आतल्या आत एकमेकींना कळवतात आणि जंतूंभोवतीच्या पेशी आपण होऊन मरतात, त्यांना पुढे वाट मिळू नये म्हणून. मी ज्यांना डाग म्हणत होते, ती त्यांची मरणं होती. शिवाय तेच पान देठातून वरच्या पानांना निरोप धाडतं, तयार राहा म्हणून. निरोप निघण्याच्या बेतात होता आणि मी निरोप्यालाच खुडलं. तरी आशेवर तिने वरच्या पानांना रोग लावून पाहिला. एकही तगलं नाही. (हे आणि पुढचं ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, ते मी ऐकलं.)

रोपवाटिकेत मी असे किती निरोप खुडले असतील, हे हल्ली आठवत बसते. (तिथे खुडणंच बरोबर असतं, नाहीतर रोग शेजारच्या रोपांवर जातो. - नात.) बघ, बोलत नाही, पण कंसात लिहिते.

प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमना तिने सांगितलं, "पानं माझ्याच हातून चुकून कापली गेली." त्या म्हणाल्या, मग पुढची रोपं दुसऱ्या कुणाच्या हाती देते. मी तिला म्हटलं, माझं नाव सांग, तर नऊ दिवसांतलं एकच वाक्य बोलली: "म्हातारीला पुढे करून मी सुटणार नाही." वर्षाचं काम हातचं गेलं तरी तिला चालेल.

वहिनीला नमस्कार.

तुझी बहीण

ता. क. दात रात्री पाण्यात ठेव.

आणखी एक ता. क. अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. नात पाकीट आणायला गेली आहे; हे खालच्या मजल्यावरचा शिंपी लिहितोय. त्या मॅडम तुझ्या शेजारच्या इमारतीत राहतात. हे पत्र जसंच्या तसं त्यांच्या हातात दे. त्यांच्या नावाने पत्र सांगितलं असतं तर पोरीने एक ओळ लिहिली नसती. तुला म्हणून सांगितलं, तर रागाच्या भरात माझा एकही गुन्हा गाळला नाही. खाली अंगठा उमटवलाय. पहिला पसरला, म्हणून शेजारी दुसरा. पानं खुडली ती याच अंगठ्याने.