उभ्याची पंगत

पोरिरुआ, वेलिंग्टन
५ एप्रिल २००६

ती. साकारियादादास,

धाकट्या लुपेचा शि. सा. न. (गुडघे सुजलेत, म्हणून साष्टांग खुर्चीत बसूनच घातलाय. गोड मानून घे.)

कोकोचं पुडकं पोचलं आणि संपलंही. निम्मं तुझ्या लेकीने एका रविवारात फस्त केलं. खासदार झाली तरी पेनिना भांड्याचा तळ बोटाने पुसून खाते. मतदारांना हे माहीत नाही म्हणून बरं.

आता बातमी. आपल्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे ३१ मेला, पेनिना पार्लमेंटच्या मेजवानीच्या हॉलमध्ये समारंभ करतेय. तरुणपणी सामोआ सोडून इकडे आलेले, कारखान्यांत आणि झाडलोटीवर जन्म काढलेले साठेक म्हातारे-म्हाताऱ्या आहेत, त्यांचा मान करायचाय. शिवाय पन्नासएक खासदार आणि मंत्री. तो हॉल कोणालाही मिळत नाही. एखाद्या खासदाराला यजमान म्हणून सही करावी लागते आणि शेवटचा पाहुणा बाहेर पडेपर्यंत त्याने तिथून हलायचं नसतं. पेनिनाची ही पहिलीच सही. ती म्हणते, आपल्या बाजूने बोलायला बाबाच हवेत, हातात वक्त्याची काठी आणि खांद्यावर चवरी घेऊन.

मी तिला म्हटलं, अगं तेव्हा इथे थंडी सुरू होते, दादाची छाती नाजूक. इथे वेलिंग्टनमध्येच चार चांगले वक्ते आहेत. तुलाही तेच सांगते, उगाच दगदग करू नकोस. आणि तिथलं जेवण उभ्याने असतं, दादा. एका हातात पेला, दुसऱ्या हातात एवढासा घास, आणि तोंडाने गप्पा. तुला ते जमायचं नाही.

फुआतिनोवहिनींना नमस्कार. लोभ आहेच; वाढवायचा असेल तर पुढच्या वेळी दोन पुडकी घाल.

तुझी
लुपे


वाईतोआ, सावाई बेट
१९ एप्रिल

चि. लुपे हिला,

मोठ्या भावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. गुडघ्यांना एक वेगळा.

येणार म्हणजे येणार! पोटची पोर पार्लमेंटात पंगत घालते आणि बाप छाती शेकत घरी बसतो, असं कुठे झालंय का?

तुझं पत्र मी गावसभेत वाचून दाखवलं (कोकोचा भाग सोडून). सगळे म्हणाले, पोरीने नाव काढलं. मी म्हटलं, त्यात नवल काय, तिच्या आत्याची खुर्ची तिथे तेवीस वर्षं आहे, वाट तिनेच केली. तर पाद्रीबुवा विचारतात, लुपेची खुर्ची सभापतींच्या उजव्या हाताला की डाव्या? मला सांगता येईना. तेवढं कळव, बुवा दर रविवारी विचारतील.

आता ते उभ्याचं जेवण मला नीट समजाव. खुर्च्या कमी पडतात का? मग चटया अंथरायच्या. मोठी माणसं उभी राहून खातात, तर वाढणारा कुठे उभा राहतो? आधी कोणाला वाढायचं हे कशावरून ठरतं? एखाद्या म्हाताऱ्याला दम लागला तर तो पेला कुठे ठेवतो? आणि सगळे उभे असतील तर जेवण संपलं हे कळतं कसं? बसलेला माणूस उठला की आपल्याला कळतं!

आम्ही चौदा जण येऊ म्हणतो. डुकरं किती लागतील?

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस, आणि उत्तरं क्रमाने लिही.

साकारिया


पोरिरुआ
२८ एप्रिल

ती. दादास,

लुपेचा नमस्कार, आज अर्धा उभ्याने.

चौदा नाही, दोघे. डुकरं शून्य. दारात प्रत्येकाची पिशवी यंत्रातून जाते, दादा. भाजलेलं डुक्कर त्या यंत्रातून जाताना मला नुसतं डोळ्यांसमोर आणवत नाही. पाहुण्यांची नावं दहा दिवस आधी द्यावी लागतात. चुलाण बाहेरही पेटवता येत नाही. खांद्यावर पांघरायची बारीक विणीची मानाची चटई आण, तिला कोणी हरकत घेणार नाही. स्वयंपाक तिथलाच, पण पेनिनाने तारोचे कंद आणि नारळाच्या रसातली त्याची पानं त्यांच्याकडून कबूल करून घेतलीत. एवढीशी, बोटाच्या पेराएवढी.

जेवण संपल्याचं कसं कळतं ते ऐक. सहा वाजता सभागृहाची जेवणाची सुट्टी होते, तेव्हा समारंभ सुरू. साडेसातला सगळ्या इमारतीत घंटा घणघणते आणि खासदार तोंडातला घास गिळत पळत सुटतात. मंत्र्यांनासुद्धा पळताना पाहिलंय. समोरून बाजूला झालं नाही तर अंगावर येतात.

वाढणारा उभा राहत नाही, चालतो. बाकीचे प्रश्न आलास की प्रत्यक्षच बघ. त्या दिवशी मी जरा कामात असेन, आधीच सांगून ठेवते. मला शोधत बसू नकोस.

मनात जागा आहे तशीच राहू दे.

लुपे


पार्लमेंट, वेलिंग्टन
६ मे

ती. बाबांस,

पेनिनाचा सा. न. वि. वि.

तुमचं आणि लेसामामाचं तिकीट सोबत आहे. तुम्हाला बोलायला दहा मिनिटं. मला माहीत आहे, दहा मिनिटांत तुमची वंशावळच संपत नाही. तरी दहा.

बाबा, आता तुम्हीच आत्याला समजवा, माझं ती ऐकत नाही. मी सांगितलं, तू माझ्या शेजारी उभं राहायचं, समारंभाचा नवा पुलेतासी पोशाख शिवायचा, मंत्र्यांशी ओळख मीच करून देणार. तर हिने हॉलच्या मुख्य बाईला सांगून त्याच संध्याकाळची पाळी मागून घेतली! म्हणते, साठ म्हातारी माणसं आहेत, कोणाला साखर चालत नाही, कोणाला दात नाहीत, त्यांच्यापुढे तबक घेऊन मीच जाणार. तेवीस वर्षं ती त्या हॉलमध्ये लोकांना वाढते आहे. निदान माझ्या पहिल्या समारंभाला तरी तिने तबक खाली ठेवावं, इतकंच मागते. मी यजमान म्हणून मिरवायचं आणि मला वाढवणारीने पेले भरायचे, हे मला बघवणार नाही.

आईला सांगा, तिने विणलेला पंखा माझ्या टेबलावर आहे. लेकीवरचं प्रेम ती निवडून आली म्हणून कमी करू नये.

पेनिना


वाईतोआ
१५ मे

चि. लुपे,

आशीर्वाद.

एका तबकात किती पेले मावतात? भरलेलं तबक किती जड असतं? एका संध्याकाळी किती फेऱ्या होतात? तुझे गुडघे कशाने सुजतात ते तू कधी लिहिलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही.

पेनिनाला वाटलं, मला माहीतच असेल. ऑकलंडच्या चुलत भावांना माहीत होतं का गं? असणारच. लग्नाकार्यात मी तुझी खुर्ची, तुझी खुर्ची करत होतो तेव्हा ते आपापल्या ताटात बघत होते. आता आठवतंय. तू मला तेवीस वर्षं सगळ्या गावासमोर वेड्यासारखं बोलू दिलंस.

माझा राग हाताचं काम लपवल्याचा आहे, हाताच्या कामाचा नाही. पण आपल्यात भाऊ बहिणीला आधी वाढतो, मग स्वतः बसतो. शंभर माणसांत तू तबक घेऊन माझ्यापुढे येणार आणि मी त्यातला घास उचलून भाषण ठोकणार, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. तू पेनिनाशेजारी पाहुणी म्हणून उभी राहणार असशील तर मी येतो. नाहीतर ते चार चांगले वक्ते आहेतच तुझ्याकडे.

साकारिया


पोरिरुआ
२२ मे

ती. दादास,

नमस्कार. पूर्ण, खाली वाकून.

तू लोभाचं काही न लिहिता पत्र संपवलंस. असं पहिल्यांदाच केलंस.

एका तबकात चोवीस पेले. वजन मी कधी केलं नाही, पण ओलं धुणं भरलेल्या बादलीएवढं असेल. फेऱ्या मोजायच्या नसतात, मोजल्या की पाय दुखतात.

मी खोटं लिहिलं नव्हतं. पार्लमेंटात कामाला लागले, एवढंच लिहिलं होतं. खुर्ची तू घातलीस. तेव्हा आई होती. तिने ते पत्र उशाखाली ठेवलं असं वहिनींनी कळवलं, मग मला ती खुर्ची काढून घेता येईना. आई गेल्यावर सांगायला हवं होतं. तोवर फार वर्षं झाली होती. चुकलं माझं, दादा.

पण एक विचारते. तुला घराण्याच्या प्रमुखाची पदवी मिळेपर्यंत, चाळिशी उलटेपर्यंत, गावच्या बैठकीत ताटं घेऊन कोण धावत होतं? तूच ना? उघड्या पाठीवर घाम, दोन्ही हातांत ताटं. तेव्हा तुला कोणी कमी लेखलं? उलट म्हणायचे, साकारिया वाढायला शिकला, आता बोलायलाही शिकेल. मग माझ्या हातातलं तबक तुला का बोचतं?

मी चांगलं काम करते. पहिल्यांदा आलेला पाहुणा भिंतीला टेकून उभा असतो, हातांचं काय करावं त्याला कळत नाही. त्याच्याकडे मी सगळ्यांत आधी जाते. हातात पेला आला की माणूस सुटतो. ३१ तारखेला तशी साठ माणसं असणार आहेत. त्यांना मी सोडणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही.

तिकीट तुझ्या हातात आहे. मी तबक धरणार. तू बोल, नाहीतर बोलू नकोस, पण ये.

रागावलास तरी तुझीच,
लुपे


पोरिरुआ
रविवार, ४ जून

प्रिय सौ. फुआतिनो,

तुझ्या नवऱ्याकडून थंडीने कुडकुडत आशीर्वाद. खुशाल आहे. तू दिलेले दोन्ही स्वेटर एकावर एक घातलेत.

गेलो, हे तुला माहीतच आहे. लुपेने माझी ताटं घेऊन धावण्याची वर्षं आठवून दिली, मग घरी बसवेना. काय झालं ते आता सांगतो.

हॉल मोठा, छत उंच, आणि माणसं खरंच उभी. आपली म्हातारी मंडळी रांगेने भिंतीला चिकटलेली, चर्चचे कपडे घालून. त्यांतल्या तिघींनी म्हणे याच इमारतीच्या फरश्या पुसल्या होत्या, पण या दाराने आत त्या पहिल्यांदाच आल्या. मग लुपे आली. पांढरा सदरा, काळा परकर, तबक खांद्याच्या उंचीवर. एक मंत्री हात पुढे करून उभा होता, त्याला गोड हसली आणि वळसा घालून सगळ्यांत म्हाताऱ्या बाईपुढे गेली. काहीतरी पुटपुटली, म्हातारी खळखळून हसली आणि भिंतीपासून सुटली. एकेक करून तिने सगळी भिंत रिकामी केली. आधी कोणाला वाढायचं हे मी तिला विचारलं होतं ना, ते मला तिथे कळलं. माझ्यापुढे सगळ्यांत शेवटी आली. मान वर केली नाही. मी घास उचलला, उभ्यानेच खाल्ला. मासा होता की तारो, देव जाणे.

मग भाषण. देवाचं झालं, देशाचं झालं, सभापतींचं, पाहुण्यांचं झालं. आपल्या घराण्याशी आलो आणि गाडी अडली. पंचवीस वर्षं बोलतोय, असं कधी झालं नव्हतं. शब्द समोर दिसत होते, तोंडात येईनात. पेनिनाचा चेहरा उतरला. लेसा खोकला. तेवढ्यात खांबाजवळून लुपे आपल्या भाषेत म्हणाली की दादा, आवर, साडेसातला घंटा होते. सगळी म्हातारी मंडळी फिदीफिदी हसायला लागली आणि माझी गाडी पुन्हा सुरू झाली.

मी म्हटलं, कागदावर सही माझ्या लेकीची आहे, पण या घरची यजमान ही, जिच्या हातात तबक आहे. ही माझी बहीण. मी गावाला सांगत आलो की हिला इथे खुर्ची आहे. ते खोटं होतं. तेवीस वर्षं ही इथे एकदाही बसलेली नाही. मी चटई उलगडली आणि तिच्या खांद्यांवर पांघरली, तबकासकट. दोन पेले पडले. ती आधी पेल्यांकडे बघून ओरडली, मग रडली. आपल्या मंडळींनी जो गलका केला तो ऐकून दारावरचा पहारेकरी आत डोकावला. गोरे खासदार टाळ्या वाजवत होते. त्यांना किती कळलं कोण जाणे. मग घंटा झाली आणि ते खरंच पळाले, अगदी लुपेने लिहिलं होतं तसे!

नंतर मी स्वयंपाकघरात गेलो. हॉलची मुख्य ग्लेनिस म्हणून एक गोरी बाई आहे. तिला मी भीत भीत विचारलं, माझी बहीण कामाला कशी आहे? ती म्हणाली, माझी जागा आधी तिलाच देऊ केली होती. टेबल, खुर्ची, दुप्पट पगार. नाही म्हणाली, कारण मुख्य बाईला रोज शेवटपर्यंत थांबावं लागतं आणि हिच्या घरी शाळेतली पोर होती. मी साल विचारलं. अठ्ठ्याऐंशी.

फुआतिनो, आपण पेनिनाला सत्त्याऐंशीत पाठवली. बारा वर्षांची.

हे लुपेने कधी बोलून दाखवलं नाही, मीही अजून काढलेलं नाही. पेनिनाला सांगितलं तर ती उठून बाहेर गेली, बऱ्याच वेळाने आली. मी म्हटलं, आत्याला इतक्यात काही बोलू नकोस, तिला आवडायचं नाही. काय करायचं ते आपण तिघं बोलून ठरवू. गावसभेत खरं काय ते मी आल्यावर सांगेन. पाद्रीबुवांनी आधीच विचारलं तर तू सांग, तू माझ्यापेक्षा थोडक्यात सांगतेस.

आज चर्चहून आल्यावर मी आणि पेनिनाने मागच्या अंगणात चुलाण लावलं. धूर बघून शेजारच्या माणसाने आग विझवणाऱ्यांना बोलावलं. ते आले, त्यांनाही वाढलं. आता लुपे मधोमध बसलीय, पाय पसरून, आणि आम्हा दोघांना तिने हुकूम सोडायला सुरुवात केलीय. डुक्कर जरा करपलंय म्हणते. तारो मात्र तिसऱ्यांदा मागतेय, उठलं पाहिजे.

तुझा
साकारिया