भाट्याच्या वाळूवरची रोमन पलटण

बाबा,

काल भाट्याच्या वाळूवर आमची रोमन पलटण पुन्हा उभी राहिली. सतरा जण होतो. कुणी बँकेतला, कुणी शाळेतला, एक आंबा बागायतदार. बहुतेकांची पोटं सुटलेली, लाल अंगरख्यावर पत्र्याचं चिलखत, घामाच्या धारा. जुन्या काळी रोमन गलबतं कोकणच्या बंदरांत व्यापाराला यायची, म्हणून कॉलेजवाले इतिहासाच्या जत्रेत आम्हाला बोलावतात. आम्ही राहुटी ठोकतो, जात्यावर गहू दळून दाखवतो आणि शेवटी लुटुपुटीची लढाई करतो. काल टाळ्या पडल्या. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाही.

माझं चिलखत अजून तुम्ही केलेलंच आहे. मी हातखंब्याला तुमच्या गॅरेजात चित्र घेऊन आलो, तेव्हा तुम्ही एका ट्रकचा चेमटलेला दरवाजा ठोकत होतात. "रोमन? ते कोण तुझे?" एवढंच विचारलंत आणि दरवाजा पुरा केलात. मग हात पुसून चित्र उजेडात धरलंत. "ह्यो एकसंध पत्रा नाय. एकसंध असता तर हात वर नसता गेला." आठ दिवस तुम्ही पट्ट्या कापत होतात, आतून चामड्याने एकमेकींना जोडत होतात. कडा इतक्या घासल्यात की बोट फिरवलं तरी ओरखडा येऊ नये. नवव्या दिवशी ते माझ्या अंगावर चढवलंत. "हात वर कर. आता खाली. वाक." मी वाकलो. तुम्ही मान हलवलीत आणि चहा सांगितलात.

प्रयोग बघायला तुम्ही एकदाच आलात. सुरूच्या झाडांखाली शेवटपर्यंत उभे होतात. मिरकरवाड्याचा माझा दोस्त नेहमी माझ्या डावीकडे असतो, माझी ढाल अर्धी त्याच्यासाठी असते. त्या दिवशी मी दमलो आणि ढाल खाली घेतली. परत येताना स्कूटरवर मागे बसून तुम्ही म्हणालात, "तुला काय लागलं नाय. पण बाजूचा पोरगा उघडा पडला, ता बघितलंस?" मी म्हटलं, "खोटी लढाई आहे, बाबा."

त्यानंतर दोन वर्षांनी, जानेवारीतली दुपार. आम्ही इथेच, याच वाळूवर. माझं चिलखत बांधून झालंय, दोस्त पाठीमागचा शेवटचा बंद आवळतोय. आईचा फोन येतो. "बाबांच्या छातीत दुखतंय. शेजारच्यांनी रिक्षातून सिव्हिलला आणलंय. तू निघ बघू." मी म्हणतो, "तासाभरात येतो, आता लोक जमलेत." ती फोन ठेवते. मी फोन पिशवीत टाकतो आणि रांगेत जातो. ढाली डोक्यावर धरून आम्ही कासव करतो, पोरं वरून चेंडू फेकतात, हसतात. तास होतो, वर थोडा वेळ फोटोंसाठी जातो.

सिव्हिलला पोचलो तेव्हा अंगात लाल अंगरखाच होता. आई बाकावर बसली होती. "मघाशीच गेले," म्हणाली. माझ्या खांद्यांवर चिलखताच्या चामड्याचे वळ उठले होते, तिने त्यावर नुसता हात ठेवला. मी रडलो नाही. दिवसकार्यातही नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल रडू. बारा वर्षं झाली.

मी सगळ्यांना सांगितलं की प्रयोगात फोन पिशवीत होता, कळलंच नाही. दोस्ताने मला फोनवर बोलताना बघितलं होतं. त्याने तो विषय कधी काढला नाही, पुढच्या खेपेला निमूट माझ्या डावीकडे येऊन उभा राहिला. आई गेल्या वर्षी गेली. तिनेही तो काढला नाही.

आज सकाळी हे लिहायला बसलो ते तुम्हाला सांगायला, की दुखणं एवढं मोठं आहे हे मला माहीत असतं तर मी तसाच धावत आलो असतो. तीन वेळा ते वाक्य लिहिलं, तीन वेळा खोडलं. हे पत्र कुठे जायचं नाही, मग इथे तरी कशाला खोटं बोलू? आई फोनवर एरवी कधी हळू बोलायची नाही. त्या दिवशी ती अगदी हळू बोलली होती. मला तेव्हाच कळलं होतं, बाबा.