पट्टी वर जाते तेव्हा

१ डिसें., सोम.
डाव्या हातानं लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. अर्धांगवायूपासून उजवा हात नुसता मांडीवर पडून असतो, म्हणून आजपासून इंजि. कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मृणाल नावाची मुलगी शिकवते. डोक्यावर तारांची टोपी, केसांत गार जेल. हात हलवायचा नाही, मनातच मूठ मिटायची. मेंदूतली खूण मशीनला कळली तर पडद्यावरची पट्टी वर चढते, हिरवी. नाही तर लाल.
आज बहुतेक लालच.

५ डिसें., शुक्र.
परत लाल. लाल दिसली की दात आवळले जातात, मग आणखी लाल. ऑटोत रडू आलं.
हे म्हणाले, "काहून रडून राहिली वं? मशीनले तू समजाले टाइम लागन ना. मले किती वर्षं लागले!"
रडता रडता हसले.

८ डिसें., सोम.
मृणाल : "काकू, मूठ मिटताना मनात काय आणता?"
काय आणणार, मूठच.
"रोज हातानं करत होत्या असं काही आणा ना."
ब्लाउज बेतायची मोठी कात्री आणली. तिची जड मूठ, खाली कापड, कर्रकर्र... पट्टी हिरवी! थोडा वेळच, पण झाली.

१२ डिसें., शुक्र.
हिरवीच हिरवी. मृणालसाठी संत्रा बर्फी नेली होती, ती हातात दिली तर तिचा चेहरा उतरला.
"काकू, आज मी पट्टी जरा सैल सोडली होती. थोडं जमलं तरी हिरवी होईल अशी. तुम्ही खचून राहिल्या होत्या म्हणून..."
म्हणजे त्यातली माझी किती?
तशीच रागानं निघून आले.

१३ डिसें., शनि.
राग अर्धा उतरला. माझ्या शिवणक्लासात मीही पोरींच्या वाकड्या टिपेला छान म्हणायचेच. पण टीप उसवून परत घालायला लावायचे. पोरीला सांगायला हवं.

१५ डिसें., सोम.
सांगितलं. "जे आहे तेच दाखव. फक्त तो लाल रंग काढ."
लगेच काढला. आता जमलं नाही तर पट्टी गप्प बसते. शिवाय आज हातमोजा चढवला. विचार बरोबर आला की त्यातली मोटर बोटं मिटवते. मनात कात्री आणली आणि माझीच बोटं, माझ्या डोळ्यांदेखत...
पट्टीकडे बघायचं विसरूनच गेले.

१९ डिसें., शुक्र.
कधी जमतं, कधी नाही. पण दात आवळत नाही आता. येताना तर्री-पोहे. अर्धे पदरावर सांडले. ह्यांनी माझ्या प्लेटमधले उरलेलेही संपवले. मजेत दिवस.

२२ डिसें., सोम.
मोजा काढला होता, मशीन बंद. मृणाल केसांतलं जेल पुसत होती. उजवा अंगठा हलला, असं वाटलं.
"अहो, पाह्यलं काय?"
"पाह्यलं ना!"
"चष्मा तर खिशात आहे तुमचा."
मृणाल समोर येऊन बसली. "परत करा, काकू."
म्हटलं, "दोघंही बघा, पण मला सांगू नका. आधी माझं मला कळू दे." आणि डोळे मिटले. अंगठ्यापाशी काहीतरी, मुंगी चालल्यागत.
डोळे उघडले तेव्हा दोघंही गप्प. शब्द पाळला त्यांनी.
रात्रीची जेवणं झाली. अजून विचारलेलं नाही.