पदकाची कड

बुधवार, लोहारा

भिंगातून पदकाची कड पुन्हा पाहिली. शेजारचे काका माजी सैनिक. त्यांच्या डिस्चार्ज बुकात या पदकाची नोंदच नाही. ती करावी म्हणून अर्ज मी लिहितोय. पुरावा एकच, कडेवर कोरलेला त्यांचा नंबर. त्यातले दोनच आकडे, तेही पुसट, उरलेत. काकू दर दिवाळीला पदक चिंच-राखेनं घासतात.

“तिला बोलू नका गुरुजी,” काका म्हणाले. “लई मायेनं घासलंय.”

कडेचा फोटो उद्या उजेडात काढायचं ठरवलं.

गुरुवार सकाळ. काकूंनी पदक रुमालातून काढलं. “सायबाला दाखवायचं, म्हणून पहाटंच घासलं.” कड गुळगुळीत होती. फोटो कालच का नाही काढला?

“बेस केलंस,” काका म्हणाले.

अर्ज फोटोशिवाय पाठवला.