पहिल्या रांगेतली विहीर

बाबा, तुम्हाला एक गोष्ट कधीच सांगितली नाही. ज्या गोष्टीसाठी तुम्ही जन्मभर माझं कौतुक केलंत, ती माझी चूक होती.

सोनागिरी कॉलनीच्या हॉलमधलं ते गणपतीतलं नाटक. नागपूरहून बदली होऊन आलेले तुम्ही दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी तालमीत असायचात. तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींना थर्माकोलची विहीर हवी होती आणि तुम्ही अडून बसलात. विहीर केली तर लोक थर्माकोल बघतील, म्हणालात. नाही केली तर त्यांना पाणीसुद्धा दिसेल. फसलं तर पुढच्या वर्षी दिग्दर्शन दुसऱ्याकडे, असं सेक्रेटरींनी चारचौघांत बजावलं. त्यात, नाटकात जिचा चेंडू विहिरीत पडतो त्या मुलीला ऐन वेळी ताप आला आणि तुम्ही मला उभं केलंत. मी नऊ वर्षांची, शाळेत दिवसभर हिंदी बोलणारी. घाईघाईत तुम्ही एवढंच सांगितलंत, "चेंडू पडला की खाली बघ. मनात पाचपर्यंत मोज. मग रड."

शाळेतल्या आमच्या हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं. चेंडू हातातून सुटतो आणि मी रिकामं काय आहे ते शोधते. पहिल्या रांगेत पाहुण्यांची एक खुर्ची रिकामी आहे. तिच्याकडे टक लावून मी मोजू लागते. शेजारचे काका हळूच पाय वर घेतात. मागच्या आजी नातवाचा सदरा ओढून म्हणतात, "मागे सरक रे, पडशील." मग हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नाही.

पडदा पडल्यावर तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात. "विहीर थेट लोकांत नेलीस. मला नसतं सुचलं गं." दुसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही मला विचारलंत, पुढच्या नाटकातलं झाड कुठे असावं, तुला काय वाटतं? आई वाढता वाढता थांबली. पुढे वर्षानुवर्षं तुम्ही असंच विचारत राहिलात आणि त्यातूनच मी शिकले. आज याच शहरात मिसरोदला मुलांची नाटकं बसवते, ती तुमच्याच जिवावर.

खरं कळलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मग झाडाचं मला विचारलं नसतंत, अशी भीती वाटली. हा कागद मी आईलाही वाचून दाखवणार नाही. घरी कोणी आलं की ती अजून विहिरीची गोष्ट सांगते, आणि मी सांगू देते.