उंबराखालचा थांबा

पुणे, १२ जानेवारी १९७४
चि. बायजास अनेक आशीर्वाद.
भूगोलाच्या एम. ए.साठी मी आपल्या सावरवाडीचा अभ्यास घेतला आहे. माणसे कुठून कुठे, कशासाठी जातात, हे कळल्याशिवाय कोणत्याही भागाचा विकास आखता येत नाही. म्हणून येत्या सोमवारी दिवसभर आपल्या दारासमोरच्या नाक्यावर बसून मोजणी कर. पायी, सायकल, बैलगाडी वेगवेगळे लिही. आकडे भक्कम असले, तर सर अहवाल एसटीकडे पाठवणार आहेत. गाडी आली की आईचे गुडघे कर्जतच्या डॉक्टरांना दाखवता येतील आणि मला दर शनिवारी घर दिसेल. दिवाळीनंतर मी तुम्हाला पाहिलेले नाही.
तुझा दादा, नागू

सावरवाडी, २२ जानेवारी
ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.
दिवसभरात अकरा माणसे. त्यांतला पांडू, मी काय करते ते बघायला दोनदा आला. आई म्हणाली, अकराचे शंभर लिही गं, कोण बघतंय. पण दादा, भात कापल्यावर रस्त्याने जातो कोण? सगळे बांधाबांधाने नदीकाठच्या उंबराखाली निघतात. तूही शाळेला तसाच जायचास. पुण्याला जाऊन पायवाट विसरलास का रं, असे आईने विचारायला सांगितले आहे.
बायजा

पुणे, २० फेब्रुवारी
चि. बायजास आशीर्वाद.
चूक माझीच. नकाशावरची रेघ मी माणसांची वाट समजलो. उंबराखालची तुझी दुसरी मोजणी मिळाली: तीन वाड्यांची दोनशे चौदा माणसे! पावसात शेते लावल्यावर ती रस्त्याने जातील, तरी रस्ताही उंबराजवळूनच पुढे जातो. म्हणजे थांबा तिथेच हवा. आपल्या दारापासून मैलभर दूर. आईसाठी नाका लिहावा असे फार वाटले. हात धजला नाही. तिला तूच समजावून सांग.
नागू

सावरवाडी, २८ मार्च
ती. दादास नमस्कार.
पाडव्यापासून गाडी सुरू झाली. थांब्याचे सांगितले तेव्हा आई म्हणाली, तिकडंबी आया हायतच की. दुसऱ्या दिवसापासून काठी घेऊन ती बांध चालू लागली. डॉक्टरकडे जायला थांब्यापर्यंत बैलगाडीने नेते म्हटले, तर म्हणते, नागूला उतरवून घ्यायला मी पायानंच जाणार. पहिल्या दिवशी एक बांध चालली, काल सात. उंबरापर्यंत एकोणीस आहेत. तुझी परीक्षा कधी संपते ते कळव, म्हणजे रोज किती वाढवायचे ते तिला ठरवता येईल.
लोभ आहेच, तो घेऊन लवकर ये.
तुझी बायजा