दादा, त्या बोल्टचे आटे मीच घालवले

प्रिय दादा,

हाताला अजून ग्रीस आहे, कागदावर डाग पडतील, तेवढे चालवून घे. तुला जाऊन आठ महिने झाले. इतक्या दिवसांत तुला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, हिंमत झाली नाही. पण आज सकाळी तुझ्या मोटरसायकलचा एक बोल्ट काढला आणि जे पाहिलं त्यानं मी पार हादरून गेलोय. सांगायचं तर पहिल्यांदा तुलाच सांगायला हवं.

आधी माझा गुन्हा ऐक. होळीच्या आधीचा रविवार होता, तू जेवून आडवा झाला होतास. पुढच्या ब्रेकची पट्टी खडखडते म्हणून तू दोन दिवस कुरकुरत होतास. मला वाटलं, मी कारखान्यात दिवसभर माग उघडतो आणि जोडतो, एक बोल्ट आवळायचा त्यात काय मोठं? मागाचा लांब पाना लावला आणि दिला जोर. आत कटकन आवाज झाला आणि बोल्ट नुसताच गरगर फिरायला लागला. भोकातले आटे साफ गेले होते.

मग मी काय केलं असेल? बुऱ्हाणपूरचा मागवाला करतो तेच. मागावरचा एखादा बोल्ट सैल झाला की आम्ही खळीत भिजवलेलं सूत त्याला गुंडाळतो आणि ठोकून बसवतो. वाळलं की महिना महिना हलत नाही. तेच मी तुझ्या ब्रेकला केलं. हातानं हलवून पाहिलं तर घट्ट वाटलं. माग एका जागी उभा असतो आणि तू खकनारच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून जातोस, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही.

संध्याकाळी तू विचारलंस, "वसंता, गाडीले हात लावला व्हता का रे?" मी म्हणालो, "नाही." तू "बरं" म्हणालास आणि हात धुवायला गेलास. तेव्हा माझा कान का नाही धरलास? एरवी पतंगाच्या मांज्यावरूनसुद्धा धरायचास.

नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि शाळाखात्यातली तुझी फिरती दुप्पट झाली. गावोगावच्या शाळा नव्या याद्यांत उतरवायच्या होत्या. राज्यं जोडायचं काम कारकुनाच्या कंबरेवर चाललंय, असं म्हणत तू गाडीला किक मारायचास. तू लोधीपुऱ्याच्या वळणावर दिसेनासा झालास की मी मनाशी ठरवायचो, आज सांगतो. संध्याकाळी तू धुळीनं माखून हसत यायचास आणि मी ते उद्यावर ढकलायचो. मग एक दिवस तू आलाच नाहीस.

म्हैस आडवी आली, असं सगळे म्हणाले. खकनारकडचा एक केळीवाला तर दहाव्याला मुद्दाम आला. माझा हात धरून म्हणाला, "म्या सोताच्या डोयानं पाह्यलं भाऊ. त्यायनं बिरेक मारला, गाडी थांबतच आली व्हती, पन म्हैस बिथरली न अंगावरच आली." मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. मला ते खळीचं सूतच दिसत होतं. आठ महिने, दादा! घास तोंडात घालताना, माग चालवताना, सारखं एकच, की मी तुला मारलं. गाडी मागच्या अंगणात लोटली, वर गोणपाट टाकलं आणि तिकडे फिरकलोच नाही.

आता वहिनीनं गाडी विकायचं ठरवलंय. गिऱ्हाईक आज दुपारी येणार. दुसऱ्याच्या हाती तो बोल्ट कसा देऊ? म्हणून कारखान्यातल्या मिस्त्रीकडून हातड्रिल आणि आटे पाडायचा टॅप मागून आणला. भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि जाड बोल्ट बसवायचा, असं त्यानं नीट समजावलं. पण गोणपाट काढून पाना लावला तर तो लहान पडला. मोठा लावला. बोल्ट सावकाश, आट्यांवरून सरळ फिरत बाहेर आला. चांगला जाड बोल्ट, ग्रीस लावलेला, सुताचा एक धागा नाही. भोकात बोट घातलं तर नवे धारदार आटे बोटाला लागले. मी तिथेच खाली बसलो.

वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. "काय झालं भाऊजी? असे काऊन बसले?"

मी बोल्ट पुढे केला.

"हा व्हय? हा तर त्यायनं होळीच्या आधीच बदलला. नवे आटे पाडतानी मीच वरून तेल सोडत व्हती न. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मांगं, असे घामाघूम झाले व्हते. म्हने, माह्याच हातानं आटे गेले, जास्ती आवळल्या गेला. म्या लई हसली त्यायले. म्हटलं, एवढे शिकलेले न एक बोल्ट आवळता येत नाही?" सांगता सांगता ती आताही हसली.

माझ्याच हातानं? दादा, तू तिला असं सांगितलंस? ते सूत तू स्वतः उपसून काढलं असशील. घरात बोल्टला सूत गुंडाळणारा दुसरा कोण होता? मला एकदा, एकदाच, म्हणाला असतास की वसंत्या, गाढवा, मी केलंय नीट! राग येतो तुझा. रडूही येतं.

केळीवाला खरं बोलत होता. ब्रेक लागला होता. मी तुला मारलं नाही. हे वाक्य लिहून मी तीनदा वाचलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत नाही. कारण तू गेल्यापासून वहिनी आज पहिल्यांदा हसली, ती तुझ्या आडदांड हाताला हसली, आणि मी समोर बसून पुन्हा गप्प राहिलो.

ती आत भाकरी थापते आहे. हे पत्र संपवून मी आत जातो. आटे मी घालवले, सूत मी गुंडाळलं आणि तू विचारल्यावर खोटंही मीच बोललो, हे तिला सांगतो. ती काय करेल मला ठाऊक नाही. कदाचित माझं तोंडही पाहणार नाही. पण गिऱ्हाईक यायच्या आत सांगतो, हे तुला वचन. तिच्या नवऱ्याला बोल्ट आवळता येत होता, एवढं तिला कळलंच पाहिजे.

तुझा धाकटा,
वसंता